गुरुजी बदलले, घोंगडी तीच

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

योगवर्गाचे जुने गुरुजी गावाकडं गेले आणि नव्या बाई सगळं वेगळंच सांगतात, म्हणून बाबा विचारत होते, "मग इतकी वर्षं केलं ते चुकीचं का?" चुकीचं नव्हतं. योगगुरू कृष्णमाचार्य म्हैसूरला तरुण पोरांकडून उड्या घेत एकामागून एक आसनं करून घ्यायचे. पुढं मद्रासला तेच एकेकाला समोर बसवून त्याच्या श्वासाच्या बेतानं शिकवायला लागले. त्यांच्याच शिष्यांपैकी पट्टाभि जोईस श्वासागणिक पुढच्या आसनात नेत, तर अय्यंगार पुण्यात पट्टा-खुर्ची देऊन आसनात थांबवत. एका गुरूचे चेले इतके निराळे, तर खरं कोण, हा वाद आपण कशाला घालायचा?

वर्ग कुणाचाही असो, घरची 35 मिनिटं आणि त्यातला क्रम बदलू नका. वर्गातली नवी गोष्ट एका वेळी एकच घ्या आणि तीन आठवडे तीच करा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि कंबर धरली, तर कशानं धरली ते कळत नाही.

आई, तुझ्या बैठकीचं नीट सांगतो. मांडी घातल्यावर तुझे गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर राहतात. मग माकडहाड मागं कलतं, पाठीला पोक येतो आणि श्वास वरच्या वर चालतो. बाई "पाठ ताठ" म्हणतात तेव्हा तू खांदे मागं ओढतेस, पण दुखणं खाली आहे. घोंगडीच्या चार घड्या घाल आणि तिच्या फक्त पुढच्या कडेवर बस, पाय फरशीवर. गुडघे कुल्ल्यांच्या खाली गेले की पाठ आपोआप उभी राहते. गुडघे अधांतरी राहिले तर त्यांच्याखाली उशी दे. घड्या जास्त झाल्या तर अंग पुढं ढकलल्यासारखं होतं, मग एक कमी कर. आपल्या आपेगावच्या माउलींनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हेच सांगितलंय: आसन फार उंच झालं तर अंग डोलतं, फार खाली असलं तर जमिनीचा दोष लागतो.

त्रिकोणासन सतरंजीवर नको. आपल्या शहाबादीवर ती सरकते, मग पडायच्या भीतीनं मांड्या आवळतात आणि श्वास अडतो. अनवाणी, पाठ भिंतीला, पायांत तीनेक फूट अंतर, हात खुर्चीवर. हात जमिनीला लावायच्या नादात छाती खाली वळते. हात खुर्चीवरच राहिला तरी चालेल, छाती समोर हवी.

बाबा, बाईंची कपालभाती जोरात चालते म्हणे. तुम्ही बीपीची गोळी घेता, ते त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. (लाजता कशाला?) कपालभातीच्या वेळी तुम्ही अनुलोम-विलोम करा: चार आकड्यांत श्वास आत, सहात बाहेर, मध्ये रोखायचा नाही. आठपर्यंत ताणून पुढचा श्वास धापेसारखा आला तर सहावरच थांबा. आई कपालभाती करू शकते, पण वीसच झटके. पोट आत जातं ते श्वास सोडताना. घेताना काही करायचं नसतं. खांदे उडायला लागले की वेग जास्त झाला.

सूर्यनमस्कार कुणी दहा अंकांत घालतं, कुणी बारा. बाईंचे त्यांच्याप्रमाणे घाला, त्यात काही बिघडत नाही.

उन्हाळ्यात गच्चीवर साडेपाचलाच उरका, नंतर तिथं पाय टेकवत नाही. नळाला पाणी यायच्या दिवशी सगळं जमणार नाही. तेव्हा बैठक, अनुलोम-विलोम आणि दहा मिनिटं शवासन एवढं करा. शवासनात बाबांची हनुवटी वर जाते, मान मागं मुडपते. डोक्याखाली पंचाची घडी ठेवा.

आई, चार घड्यांवर बसून गुडघा आणि फरशीत किती बोटं अंतर राहतं ते बाबांकडून मोजून घे आणि रविवारी फोनवर सांग.

तुमचा,
बाळू