गळका नळ आणि दहा रुपयांचा वायसर

मा. संपादक,
पाणीकपात आली की धरणं, टँकर यावर पानं भरून येतं पण घरातल्या गळक्या नळाबद्दल कोणी लिहीतच नाही. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाचे ८६,४०० थेंब, म्हणजे चारेक लिटर सहज. प्लंबर एवढ्याशा कामाला येत नाही, आला तर थेट नवा नळ घ्या म्हणतो. अहो, जुन्या पितळी नळाचा बहुतेक वेळा फक्त वायसर झिजलेला असतो, मेन कॉक बंद करायचा, पान्याने वरचा भाग खोलायचा, रबरी वायसर बदलायचा, झालं. क्वार्टर टर्नवाल्या, म्हणजे पाव फेरीत उघडणाऱ्या नळात मात्र आतला स्पिंडलच (मुठीबरोबर फिरून पाणी सोडणारा-अडवणारा भाग) अख्खा बदलावा लागतो, तोही सुटा मिळतो. पुरवणीत रेसिपीशेजारी हेही छापा की कधीतरी!
– एक वाचक, नाशिक