अंदमान सहलीत सेल्युलर जेल न दाखवल्याबद्दल आणि कबूल केलेली बोट बदलल्याबद्दल तक्रार

दि. 8 जानेवारी 2026
नाशिक

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: डिसेंबरमधील अंदमान सहलीतील सेवात्रुटी व परतावा मिळण्याबाबत

महोदय,

नाताळच्या सुट्टीत मी, माझे यजमान, आमची दोन मुलं आणि माझे सासरे असे पाच जण आपल्यातर्फे अंदमानला गेलो होतो. सहलीचे 1,98,500 रुपये आम्ही दिवाळीआधीच पूर्ण भरले होते. परत आल्यावर आपल्या कार्यालयाला फोन केले, मेल पाठवला. उत्तर म्हणून पुढच्या सहलीवर 5,000 रुपये सवलतीचं कूपन आलं. ते कूपन मला नको आहे. का नको, ते सविस्तर लिहिते.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, 78 वर्षांचे आहेत. भगूरला त्यांनी शाळामास्तर म्हणून नोकरी केली. सावरकरांच्या जन्मगावात आयुष्य काढलेल्या माणसाला अंदमान म्हटलं की काय आठवणार, हे तुम्हाला सांगायला नको. बुकिंगच्या वेळी तुमच्या नाशिकच्या कार्यालयात ते स्वतः आले होते. समोरच्या मुलीला त्यांनी एवढंच विचारलं होतं, "ती कोठडी बघायला मिळेल ना? बाकी कुठे नेलं नाही तरी चालेल." तिने हो म्हटलं आणि बुकिंग अर्जावर 'विशेष विनंती' या रकान्यात तसं लिहूनही दिलं. त्या अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. सावरकरांची कोठडी जेलच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, ओळीच्या अगदी टोकाला आहे. तिथे जिना चढून जावं लागतं. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. म्हणून दिवाळीपासून ते रोज सकाळी काठी घेऊन आमच्या इमारतीचे तीन मजले चढून-उतरून सराव करत होते. मधल्या मजल्यावरच्या शेजारीणबाई त्यांच्यासाठी दाराबाहेर खुर्ची ठेवायच्या. ही त्यांची तयारी होती.

आता तुमची तयारी सांगते.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही वीर सावरकर विमानतळावर उतरलो. त्याच दिवशी दुपारी सेल्युलर जेल आणि संध्याकाळी ध्वनी-प्रकाश कार्यक्रम, असं तुमच्या वेळापत्रकात होतं. विमान वेळेवर आलं, पण गाडी आली नव्हती. ती आली तेव्हा ड्रायव्हरने सांगितलं की आधीच्या एका कुटुंबाला सोडून तो येतोय. मग हॉटेल, मग खोलीचा घोळ. तळमजल्याची खोली कबूल केलेली असताना अण्णांना दुसऱ्या मजल्यावरची दिली होती आणि लिफ्ट नव्हती. हे सगळं निस्तरून जेलच्या फाटकाशी पोचलो तोवर तिकीट खिडकी बंद झाली होती. ड्रायव्हर म्हणाला, शो बघा, त्यात सगळं दाखवतात.

शोमध्ये सगळं दाखवत नाहीत. शोला प्रेक्षक अंगणात बसतात आणि भिंतींवर दिवे पडतात. वर जाता येत नाही. 1906 साली बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात भुजा होत्या, त्यांतल्या आज तीन उरल्या आहेत. अंगणात बसून अण्णा शेजारच्या माणसाला विचारत होते, कोठडी यातल्या कुठल्या बाजूला. त्याने अंधारात हात करून दाखवलं. अण्णा शो संपेपर्यंत त्याच दिशेला बघत बसले. 1911 साली सावरकर तिथे गेले, त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासूनच त्याच तुरुंगात होते, आणि दोघा भावांना कितीतरी काळ एकमेकांचा पत्ताही नव्हता. ही गोष्ट अण्णांनी वर्गात वर्षानुवर्षं सांगितलेली आहे. त्या भिंतीच्या इतक्या जवळ जाऊन ते खालूनच परत फिरले.

त्याच रात्री मी तुमच्या तिथल्या प्रतिनिधीला फोन केला. दुसऱ्या दिवशी बाराटांग बेट होतं. ते रद्द करा आणि सकाळी आम्हाला जेलला न्या, असं मी स्पष्ट म्हटलं. त्यांनी उत्तर दिलं ते व्हॉट्सॲपवर लेखी आहे: बाराटांगचं परमिट झालेलं आहे, ते वाया घालवू नका, शेवटच्या दिवशी दुपारी 12 च्या बोटीने शहीदद्वीपहून (म्हणजे नील बेटाहून) परत याल, 2.30 ला जेल कन्फर्म. आम्ही त्या शब्दावर विसंबलो. तो शब्द नसता तर यजमान आणि अण्णा बाराटांगला आलेच नसते.

बाराटांगबद्दल एक गोष्ट इथेच लिहिते, कारण ती पैशांपेक्षा गंभीर आहे. तुम्ही पाठवलेल्या कार्यक्रमात त्या दिवसापुढे 'वाटेत जारवा आदिवासी पाहण्याची संधी' अशी ओळ आहे. जिरकाटांगच्या नाक्यापासून पुढचा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला काही द्यायचं नाही, हे नाक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. आदिम जमातींच्या संरक्षणासाठी 1956 पासून तिथे स्वतंत्र कायदा आहे आणि तो मोडणाऱ्याला तुरुंगवास होऊ शकतो. असं असताना तुम्ही माणसांना प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत घालता. माझ्या दहा वर्षांच्या मुलीने ती ओळ वाचून विचारलं, "त्यांना बघायचं म्हणजे काय?" मला लाज वाटली. ती ओळ आजच्या आज काढून टाका.

स्वराजद्वीप, म्हणजे आपण सगळे अजून हॅवलॉक म्हणतो ते बेट. तिथे जाताना कॅटामरान, म्हणजे वेगवान खासगी बोट, मिळाली, जागाही ठरल्याप्रमाणे होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. राधानगरचा किनारा तुमच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर आहे आणि तो खरोखरच त्या लायकीचा आहे. 2004 साली 'टाइम' साप्ताहिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं, 2020 मध्ये त्याला स्वच्छ किनाऱ्यांना देतात तो ब्लू फ्लॅगही मिळाला. पण तुमच्या वेळापत्रकात 'सायं. 5.30: राधानगर येथे सूर्यास्त' असं छापलं आहे. अंदमान इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, नाशिकच्या जवळजवळ तासभर आधी. आम्ही वेळापत्रकाप्रमाणे पोचलो तेव्हा झाडांखाली काळोख होता आणि शिट्ट्या वाजवून लोकांना पाण्याबाहेर काढणं चाललं होतं. मुलांचे पायसुद्धा ओले झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा नेण्याची विनंती केली, तर जादा गाडीभाडं मागितलं गेलं आणि ते आम्ही भरलं. त्याची पावती दिलेली नाही. पैसे ज्या क्रमांकावर पाठवले त्याची नोंद माझ्याकडे आहे.

शहीदद्वीपला तोच प्रकार. तिथला खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट बघता येतो. ओहोटी असली की खडकांवरून चालत जाता येतं आणि डबक्यांमधली प्रवाळं, खेकडे, तारामासे दिसतात. आम्हाला दुपारी तीनला, भरतीच्या वेळी नेलं. खडक पाण्याखाली होते. लांबून फोटो काढा आणि चला, असं सांगण्यात आलं. माझं माहेर हर्णैचं आहे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायला आमच्याकडे शाळकरी पोरांनाही येतं. अंदमानचा हिशोब वेगळा असेल, पण तो तिथल्या प्रत्येक नावाड्याला ठाऊक असतो आणि सर्व्हे ऑफ इंडिया भरती-ओहोटीची कोष्टकं दरवर्षी छापतं. बेटांच्या सहली विकणाऱ्या कंपनीने ती उघडून बघू नयेत, हे मला समजत नाही. तुमचं वेळापत्रक वर्षभर सगळ्या गटांना एकच दिलं जातं, असं ड्रायव्हरनेच सांगितलं. समुद्र रोज एकाच वेळी ओसरत नाही.

आता शेवटचा दिवस. दुपारी 12 ची कॅटामरान म्हणून आम्ही अकराच्या आत जेट्टीवर हजर होतो. अण्णांनी सकाळीच स्वच्छ धुतलेला सदरा आणि टोपी घातली होती. साडेअकराला तुमच्या प्रतिनिधीचा मेसेज आला: समुद्र खवळल्यामुळे खासगी बोट रद्द, संध्याकाळच्या सरकारी बोटीची तिकिटं पाठवतो. हा मेसेज मी वाचत होते तेव्हा तीच खासगी बोट माझ्यासमोर धक्क्याला लागलेली होती आणि लोक चढत होते. मी फोटो काढला आहे, त्यावर वेळ आहे. खिडकीवर चौकशी केली. तिथल्या माणसाने यादी दोनदा वरून खाली पाहिली आणि सांगितलं की या नावांचं बुकिंगच नाही, आणि बोट भरलेली आहे. म्हणजे समुद्र खवळला नव्हता. तुम्ही आमची तिकिटं काढलीच नव्हती.

यानंतर आम्ही तुमच्या 24 तास मदत क्रमांकावर आणि प्रतिनिधीच्या मोबाइलवर सतत फोन करत होतो. कोणी उचलला नाही. नंतर मेलमध्ये कारण दिलंत की बेटांवर रेंज नसते. माझ्या फोनला रेंज होती, म्हणून तर तुमचा मेसेज मला मिळाला. तुमचा प्रतिनिधी स्वराजद्वीपला होता, आणि समुद्राखालची केबल तिथे 2020 मध्येच पोचली आहे.

सरकारी बोटीला मी नावं ठेवत नाही. बेटांवरच्या लोकांची ती एसटी आहे. त्यांचे आजारी, त्यांचे विद्यार्थी, भाजीच्या पाट्या सगळं तिच्यातूनच जातं आणि त्यांना तिथे पहिला हक्क असायलाच हवा. पण आम्ही पैसे कॅटामरानचे भरले होते. संध्याकाळी निघालेली बोट पोचली तेव्हा पूर्ण अंधार झाला होता. अण्णांना वाटेत उलट्या झाल्या. उतरल्यावर त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "आता बंद झालं असेल ना?" ड्रायव्हरने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आमचं विमान होतं.

मला तुमच्याकडून हे हवं आहे. शेवटच्या टप्प्याच्या कॅटामरानचे म्हणून बिलात लावलेले 7,250 रुपये, त्यातून सरकारी तिकिटाची रक्कम वजा करून. राधानगरसाठी दुसऱ्यांदा घेतलेलं गाडीभाडं. खोलीच्या दर्जातला फरक. आणि अण्णांसाठी व सोबत एका माणसासाठी मुंबईहून श्रीविजयपुरमपर्यंतचं (म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरपर्यंतचं) जाण्या-येण्याचं विमान तिकीट आणि दोन रात्रींचा तळमजल्यावरचा मुक्काम, येत्या फेब्रुवारीत, म्हणजे उकाडा वाढायच्या आत. त्यात ना राधानगर हवं, ना बाराटांग. सकाळी जेल उघडताना त्यांना फाटकाशी सोडा आणि त्यांचं होईपर्यंत गाडी थांबवा. तुमच्या अधिकाऱ्यांनी फोनवर "एवढ्यासाठी?" असं विचारलं. हो, एवढ्यासाठीच. अण्णांनी सहलीचे अर्धे पैसे स्वतःच्या पेन्शनमधून भरले होते ते याच एका गोष्टीसाठी, आणि अर्जावर तुमच्याच माणसाच्या अक्षरात ते लिहिलेलं आहे.

याशिवाय, इतरांना तरी हा त्रास होऊ नये म्हणून जेल उतरण्याच्या दिवशी ठेवणं बंद करा. विमानाला, गाडीला किंवा हॉटेलला थोडा उशीर झाला तरी ते हुकतं. पूर्ण दिवसाची सकाळ त्याला द्या. म्हातारी माणसं तिथे घाईने फिरू शकत नाहीत, आणि ती जागा घाईने बघण्याची नाहीही.

बुकिंग न करता ते केल्याचं भासवणं आणि मग खोटं कारण देणं, ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं मला माहीतगारांनी सांगितलं आहे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवेन आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन. तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, त्यामुळे तुमचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे ही अडचण मला नाही. उत्तर कृपया अण्णांच्या नावाने पाठवावं. बुकिंगच्या पावतीवर पहिलं नाव त्यांचंच आहे.

आपली विश्वासू,
(सही)

सोबत: बुकिंग अर्ज व पावतीची प्रत, छापील वेळापत्रक, व्हॉट्सॲप संदेशांचे स्क्रीनशॉट, जेट्टीवरील बोटीचा फोटो, सरकारी बोटीची तिकिटं, गाडीभाड्याच्या व्यवहाराची नोंद.