आई-बाबा, तारीख बघूनच गेम घ्या

१४ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, १२ तारखेच्या निन्टेंडो डायरेक्टची, म्हणजे कंपनीने येणारे गेम दाखवले त्या ऑनलाइन कार्यक्रमाची, यादी वाचून तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: यातलं तुमच्या स्विच २ कन्सोलवर आपल्यासाठी काय आहे, आणि पैसे आत्ताच भरून ठेवायचे का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते. एकाही गेमचे पैसे आगाऊ भरू नका. डाउनलोडने मिळणाऱ्या गेमचा साठा कधी संपत नाही, आणि तो बाहेर आल्यावर दोन दिवसांत कळतं की त्यातली अक्षरं वाचता येतात का, वेग झेपतो का, सोपा मोड कसा आहे. तुम्हाला याच गोष्टी कळायला हव्यात आणि जाहिरातीच्या चित्रफितीत नेमक्या त्याच दिसत नाहीत.

अशी यादी वाचताना चित्रांपेक्षा शेवटी येणाऱ्या तारखेकडे बघायचं. दिवस, महिना, वर्ष असं सगळं लिहिलं असेल तर गेम जवळपास तयार आहे. ऋतू लिहिला असेल, म्हणजे ‘वसंत २०२६’, तर मार्च ते मे धरायचा, आणि तोही पुढे सरकू शकतो. नुसतं ‘२०२६’ असेल तर त्या वर्षीचा ३१ डिसेंबरही त्यात बसतो. आणि नुसतं नाव दाखवलं असेल तर ते ऐकून सोडून द्यायचं. ‘मेट्रॉइड प्राइम ४’चं असंच झालं. जून २०१७ मध्ये फक्त नाव आणि आकडा दाखवला. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच सांगितलं की काम मनासारखं झालेलं नाही, रेट्रो स्टुडिओजकडे देऊन पहिल्यापासून सुरू करतोय. आता ४ डिसेंबर २०२५ ही पक्की तारीख मिळाली. म्हणजे साडेआठ वर्षं! या यादीतली मला सगळ्यात आनंद देणारी ओळ तीच आहे. तुम्ही मात्र तो घेऊ नका. सगळं पात्राच्या डोळ्यांतून दिसतं, मान वळवावी तसा कॅमेरा सतत फिरतो, आणि सवय नसली की थोड्याच वेळात मळमळायला लागतं.

तुमच्यासाठी यादीतला खरा गेम २ ऑक्टोबरला येतोय: ‘सुपर मारिओ गॅलेक्सी’ आणि ‘गॅलेक्सी २’. हे २००७ आणि २०१० चे जुनेच गेम आहेत, चित्र नव्याने स्वच्छ केलंय. मारिओच्या ४० व्या वर्षी नवा मोठा मारिओ यायला हवा होता असं मला मनापासून वाटतं, पण तो का आला नाही हेही कळतं. २०१७ चा ‘सुपर मारिओ ओडिसी’ करणाऱ्या चमूनेच ‘डाँकी काँग बनान्झा’ केला आणि तो आत्ता जुलैत बाहेर पडला. एवढ्यात दुसरा कुठून येणार?

गॅलेक्सी तुमच्या हाताला बसेल, कारण त्यातला कॅमेरा बहुतेक ठिकाणी आपोआप फिरतो. इतर त्रिमिती गेममध्ये डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने कॅमेरा सांभाळायचा असतो. नवखी माणसं अडतात ती तिथेच. इथे डावी स्टिक आणि उडीचं बटण एवढ्यावर बराच पल्ला गाठता येतो. शिवाय नव्या आवृत्तीत असिस्ट मोड आहे. त्यात मारिओला नेहमीच्या ३ पेक्षा जास्त जीव मिळतो, आणि खड्ड्यात पडला तरी परत वर आणून सोडतात. तो सुरुवातीलाच चालू करा, बाबा. त्यात कमीपणा काही नाही.

आई, तुझ्यासाठी त्यात दुसऱ्या खेळाडूची जागा आहे. त्याला चालायचं नसतं, उडी मारायची नसते. एक जॉय-कॉन, म्हणजे कन्सोलच्या बाजूचा सुटा होणारा छोटा कंट्रोलर, हातात घेऊन टीव्हीकडे रोखायचा, पडद्यावर एक बिंदू सरकतो. चमचमणाऱ्या रंगीत ताऱ्यांच्या कणांवरून तो फिरवला की कण गोळा होतात, शत्रूवर नेऊन बटण धरून ठेवलं की शत्रू जागच्या जागी थबकतो. बाबा पुढे पळतील, वाट तू मोकळी करशील. तू थांबलीस तरी खेळ अडत नाही आणि तुझ्या चुकीने कुणाचा जीव जात नाही.

एक अडचण येईलच, ती आधी सांगते. जुन्या वी कन्सोलला टीव्हीजवळ एक पट्टी ठेवावी लागे, तिच्यामुळे कंट्रोलर कुठे रोखलाय ते कळायचं. स्विचला ती पट्टी नाही. मनगट किती फिरलं ते कंट्रोलरच्या आतला सेन्सर मोजतो, आणि त्यात थोडी थोडी चूक साठत जाते. म्हणून पाच-दहा मिनिटांनी बिंदू एका बाजूला ओढल्यासारखा वाटतो. कंट्रोलर बिघडलाय असं समजू नकोस. टीव्हीच्या मध्यावर रोखायचा आणि बिंदू मधे आणणारं बटण दाबायचं. पहिल्या गॅलेक्सीच्या २०२० च्या स्विच आवृत्तीत ते R होतं, या वेळी कोणतं ते खेळाच्या आतच लिहिलेलं असेल.

मारिओ लहान गोल ग्रहाच्या खालच्या बाजूला गेला की पडद्यावर उलटा दिसतो आणि डावं-उजवं गोंधळतं. अशा वेळी स्टिक सोडून पुन्हा धरू नका, आहे तशी रेटत राहा म्हणजे तो चालत्या दिशेनेच पुढे जातो. कोणत्याही क्षणी गरगरलं तर पॉज करून खोलीतल्या एखाद्या स्थिर वस्तूकडे बघायचं. खोलीत दिवा लावूनच खेळा.

२० नोव्हेंबरचा ‘कर्बी एअर रायडर्स’ ऐकायला तुमच्या सोयीचा वाटेल: गाडी आपोआप पळते आणि बटणं जेमतेम दोन. पण पडद्यावर इतकी गर्दी आणि इतका वेग की नजर मागे पडते. त्यापेक्षा घरात असलेला ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ बरा. गाडी निवडताना सेटिंग उघडून स्मार्ट स्टिअरिंग आणि ऑटो-ॲक्सिलरेट दोन्ही चालू करा; मग अंगठा सतत दाबून धरावा लागत नाही आणि गाडी कडेवरून बाहेर जात नाही. आई, तुझ्या अंगठ्याचा सांधा यानेच वाचेल.

१२ फेब्रुवारीला ‘मारिओ टेनिस फीवर’ येतोय. त्यात जॉय-कॉन रॅकेटसारखा फिरवूनही खेळता येईल. खांदा दुखत असेल तर बटणांनीच खेळा. हात फिरवून खेळायचं ठरवलंत तर मनगटाचा पट्टा लावल्याशिवाय नाही, आणि टीव्हीपासून दोन पावलं मागे. ‘मारिओ वंडर’ची नवी आवृत्ती वसंतात आहे. २०२३ चा मूळ गेम तुमच्याकडे आहे, त्यामुळे पूर्ण गेम पुन्हा विकत घेऊ नका, फक्त अपग्रेड पॅक घ्यायचा. आणि मूळ गेममध्ये योशी किंवा नॅबिट निवडा. त्यांना शत्रूचा फटका लागत नाही, फक्त दरीत पडणं तेवढं सांभाळायचं.

नुसतं ‘२०२६’ लिहिलेल्यांपैकी दोन नावं लक्षात ठेवा. आईसाठी ‘पोकेमॉन पोकोपिया’: झाडं लावणं, घरं बांधणं, कसली घाई नाही. बाबांसाठी ‘फायर एम्ब्लेम: फॉर्च्यून्स वीव्ह’: बुद्धिबळासारखी आळीपाळीने चाल, हवा तितका वेळ विचार करा. त्यात संवाद मात्र भरपूर आणि अक्षरं बारीक असू शकतात, तेव्हा आल्यावर आधी मी बघते, मग सांगते.

यादीतला व्हर्च्युअल बॉय, निन्टेंडोने पुन्हा आणलेलं जुनं यंत्र, मात्र नको. १९९५ चं ते लाल-काळं यंत्र चाळिशी पार केलेल्या डोळ्यांचं नाही. डोळे चष्म्यासारख्या खोक्यात घालून मान वाकवून बसावं लागतं. बाबा, तुमच्या मानेच्या पट्ट्याचं निमित्त पुरे आहे.

आता गेम साठवायच्या जागेचं. कन्सोलमध्ये २५६ जीबी आहेत, त्यातले काही यंत्रणाच खाते. कार्ड घ्यायचं झालं तर फक्त मायक्रोएसडी एक्स्प्रेस. कार्डावर EX ची खूण असते. जुन्या स्विचमधलं साधं कार्ड खाचेत व्यवस्थित बसतं, म्हणूनच फसायला होतं. त्यावरून जुने फोटो आणि चित्रफिती तेवढ्या घेता येतात, गेम त्यावर चालत नाही. खाच मागच्या स्टँडखाली आहे. कार्ड घालण्याआधी कन्सोल पूर्ण बंद करा, नुसता स्लीप मोडमध्ये ठेवू नका. तुमची खेळातली प्रगती कधीच कार्डावर जात नाही, ती कन्सोलमध्येच राहते, त्यामुळे कार्ड बदललं तरी घाबरू नका.

दुकानातून गेमचा डबा आणलात तर पुढच्या बाजूला खाली किल्लीच्या खुणेची पट्टी आहे का ते बघा. असेल तर आतल्या गेम-कार्डात गेम नसतो, नुसती परवानगी असते. गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि तरीही खेळताना कार्ड आत लागतं. त्या रात्री नेट मंद असेल तर डबा हातात आणि खेळ नाही. मारिओ कार्ट आणि बनान्झा पूर्ण कार्डातच आहेत.

२ ऑक्टोबरच्या आधी एवढं उरकून घ्या. सिस्टिम सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन अक्षरं मोठी आणि ठळक करा. याने मुख्यतः कन्सोलचे मेन्यू सुधारतात, गेमच्या आतली अक्षरं सहसा नाहीत. म्हणून तिथेच झूमही चालू करा. मग होम बटण दोनदा पटापट दाबलं की पडद्याचा हवा तो भाग मोठा होतो, गेम चालू असतानाही. जॉय-कॉन काढताना मागचं छोटं बटण दाबूनच बाजूला ओढा. चुंबक पक्का असतो, आईने नुसत्या जोराने ओढू नये. सिस्टिम अपडेट आदल्या दिवशीच करून ठेवा आणि कन्सोल डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या चार्जिंगच्या खोबणीत, लावून झोपा, म्हणजे नवा गेम उतरवताना बॅटरी संपायची नाही.

गेम उतरला की मला फोन करा, असिस्ट मोड कुठे आहे ते बरोबरच बघू.

तुमची,
लेक