सेलूच्या ताई, आपली पानं सापडायलीत बघा!

ताई, नमस्कार.

फोनवर तुम्ही म्हणालात, "आभार बिभार काय नको, दुकानात गर्दी हाय." म्हणून मग इथंच लिहायलो, सगळ्यांसमोर, म्हणजे तुम्हाला मधेच फोन ठेवून देता यायचा नाही.

बाकीच्यांना थोडक्यात सांगतो. आम्ही परभणीतले चार-पाच जण मिळून एक मराठी विकी चालवतो, शास्त्रीय सॉफ्टवेअर कसं वापरायचं याचं, म्हणजे नकाशांची क्यूजीआयएस आणि ग्रास, आकडेवारीचं आर, खोऱ्यातल्या पाण्याचा हिशोब करणारं स्वाट असलं सगळं, आणि उदाहरणं आपल्याकडची, दुधना-पूर्णेच्या खोऱ्यातली. रात्री जागून जागून दीडशेच्या आसपास पानं लिहिली. आणि मागच्या उन्हाळ्यात माझ्याच वर्गातला एक पोरगा माझ्याच समोर बसून मोबाइलवर "क्यूजीआयएसमधी पाणलोट कसा काढायचा" असं शोधायलता, त्याला कुठले कुठले हिंदी-इंग्रजी व्हिडिओ दिसले, पण आपलं पान नाही म्हणजे नाही. खाली खाली जात राहिलो तरी नाही. त्याच विषयावर मी एवढं मोठं पान लिहून ठेवलेलं हो! पोरगं म्हणलं, "सर, तुमचं इंटरनेटवर नसंल." कानफटात बसल्यासारखं झालं.

मग एका मित्रानं तुमचं नाव सुचवलं. सेलूला ई-सेवा केंद्र चालवतात, आधी पुण्यात वेबसाइटी गूगलवर वर आणायचंच काम करायच्या, वडिलांच्या आजारपणात गावी आल्या त्या राहिल्याच. खरं सांगू का, मनात आलं की सातबारा आणि पीक विम्याचे फॉर्म भरणाऱ्या बाईंना आपल्या ग्रासबिसचं काय कळणार. हे इथं कबूल करतो, कारण त्याची लाज मला अजून वाटते.

तुम्ही पहिला प्रश्न विचारला, "हे गूगलला माहीत तरी हाय का?" आणि गूगलमधी साइट कोलन लिहून पुढं आमचा पत्ता टाकला, म्हणजे त्याला माहीत असलेली आमचीच पानं दिसतात. दीडशे पानांतली जेमतेम सात दिसली, आणि त्या सातांच्याही खाली "या पानाची माहिती उपलब्ध नाही". तुम्ही लगेच म्हणालात, रोबोट्सची फाइल दाखवा, म्हणजे गूगलच्या रोबोटनं साइटवर कुठं यायचं न् कुठं नाही ते सांगणारी. ती फाइल मी दुसऱ्या एका विकीवरून जशीच्या तशी उचलली होती. त्यांच्याकडं लेख एका फोल्डरच्या पत्त्यावर आणि मीडियाविकीची, म्हणजे विकी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, यंत्रणा वेगळ्या पत्त्यावर, म्हणून त्यांनी यंत्रणेचा रस्ता रोबोटला बंद केलेला. आमच्याकडं तसं वेगळं काहीच नाही, सगळे लेख यंत्रणेच्याच इंडेक्स डॉट पीएचपीच्या पत्त्यावर. म्हणजे मी स्वतःच्या हातानं सगळं घर बंद करून बसलेलो! त्यात भर म्हणजे विकी उभं करताना "अर्धवट आहे, कुणाला दिसू नये" म्हणून सेटिंगमधी नोइंडेक्स, म्हणजे "हे पान शोधात दाखवू नका" अशी खूण, टाकलेलं, ते काढायचं राहूनच गेलं.

मी म्हणलं, मग दोन्ही सारखंच की. तुम्ही म्हणालात, नाही. "दाराला कुलूप लावलं आणि आत टेबलावर चिठ्ठी ठेवली की माझं नाव कुणाला सांगू नका, तर ती चिठ्ठी वाचणार कोण?" रोबोट्सच्या फाइलनं अडवलं की गूगल आत येऊन वाचत नाही, पण बाहेरून कुणी लिंक दिली असली तर नुसता पत्ता दाखवू शकतं. नोइंडेक्स पाळायचं तर त्याला आत येऊन ते वाचावं लागतं. म्हणून ती सात पानं तशी भुतासारखी दिसत होती. इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

कुलूप काढलं, चिठ्ठी फाडली, मीडियाविकीच्याच स्क्रिप्टनं साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी, काढून सर्च कन्सोलमधी दिला; आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते तिथं कळतं. एका साइटमॅपमधी ५०,००० पत्ते मावतात असं तुम्ही सांगितलं तेव्हा आमचे दीडशे बघून दोघंही हसलो. मी म्हणलं झालं काम. तुम्ही म्हणालात, "आता कुठं सुरू झालं."

आणि मग ते, जे मी आता येईल त्याला सांगत सुटलोय. तुम्ही म्हणालात, "सर, माझ्या दुकानात महाभूलेख म्हणणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादं येतं. बाकी सगळे म्हणतात सातबारा काढून द्या. तुमच्या पानाचं नाव काय?" माझ्या पानाचं नाव होतं "आर डॉट वॉटरशेड: प्रगत वापर". ग्रासमधल्या त्या आज्ञेचं नाव तेच आहे, चूक काहीच नाही, पण ज्याला ते नाव माहीत आहे त्याला माझ्या पानाची गरजच काय?

ही सॉफ्टवेअरची नावं पण एकेक नग आहेत. ग्रास शोधलं की गवत, स्वाट शोधलं की बंदूकवाले पोलीस, आणि आर तर नुसतं एक अक्षर. ज्यांनी ठेवली त्यांना काय माहीत पुढं गूगल येणार! ग्रासचं काम १९८०च्या दशकात अमेरिकेच्या लष्कराच्या प्रयोगशाळेत सुरू झालं. म्हणून तुम्ही लावलेला नियम असा की नाव एकटं सोडायचं नाही, बरोबर काम सांगायचं. आता ते पान "क्यूजीआयएस आणि ग्रास वापरून पाणलोट क्षेत्र कसं काढायचं" या नावानं आहे आणि पहिल्याच वाक्यात पाणलोट, ओढे, उंचीचा नकाशा, सगळं आलंय. आधी पहिला परिच्छेद काय होता तर जलसंधारणाचं महत्त्व. ते काय, आपल्याकडं कुणाला सांगायचंय? २०१६ला लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं सगळ्यांनी बघितलंय.

त्यातच तुम्ही थ्रेशोल्डचा, म्हणजे किती चौकोनांचं पाणी जमलं की ओढा धरायचा त्या आकड्याचा, भाग खणून वर काढला. पोरं सगळ्यात जास्त तिथंच अडतात, किती आकडा टाकायचा म्हणून, आणि मी तो चौदाव्या परिच्छेदात पुरून ठेवलेला. हिशोब साधा आहे: उंचीच्या नकाशात ३० मीटर बाजूचे चौकोन असले की एक चौकोन ९०० चौरस मीटरचा, थ्रेशोल्ड १,००० ठेवला की ९० हेक्टर जमिनीवरचं पाणी गोळा झाल्याशिवाय ओढा दाखवत नाही. आता "थ्रेशोल्ड किती ठेवायचा?" हेच मथळ्यात आहे.

एररचे स्क्रीनशॉट पण तुम्हीच काढायला लावले. "माणूस अडला की एरर कॉपी करून चिटकवतो, आणि तुम्ही तिचा फोटो लावून बसलाव." आता "इनव्हॅलिड डेटा सोर्स" सारखी प्रत्येक एरर जशी स्क्रीनवर येते तशी इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली आहे, खाली मराठीत कारण आणि उपाय.

स्पेलिंगवरून तर आपलं भांडणच झालं. पाणलोट, पानलोट, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद, धाराशिव, लोक काय वाट्टेल ते टाकतात आणि जुने डेटासेट पण जुन्याच नावानं. मी म्हणलं रिडायरेक्ट टाकतो, म्हणजे दुसरं नाव टाकलं की मूळ पान उघडेल, संपलं. तुम्ही म्हणालात रिडायरेक्टनं विकीच्या आतला शोध सुधारतो, गूगल मूळ पानच धरून बसतं, म्हणून दुसरं नाव मजकुरात पण पायजे, निदान एकदा. मला शुद्धलेखनाचं वेड, "पानलोट" लिहिताना हात थरथरला. शेवटी "काही जण पानलोट असंही लिहितात" एवढ्यावर तडजोड झाली. आणि पानाच्या कोडमधला की-वर्डचा टॅग भरू का विचारलं तर तुम्ही म्हणालात, रँकिंगसाठी गूगल तो बघत नाही हे त्यांनीच २००९ला सांगून टाकलंय, त्यात रात्र घालू नका.

एक गोष्ट मात्र मला अजून पटलेली नाही. प्रत्येक प्रश्नाला वेगळं पान करा म्हणता तुम्ही, मला वाटतं त्यानं शिकणाऱ्याचं डोकं फिरतं. तसं तोडताना चाळीसेक पानं पोरकी झाली, कुठूनच लिंक नाही, ती विशेष पानांच्या यादीत सापडली आणि आम्ही बसून एकेकाला घर दिलं. ते वेगळं भांडण, ते चालू राहू द्या.

पैशांचं विचारलं तर तुम्ही रागावलात. म्हणून निदान हे सांगतो: परवा सर्च कन्सोल उघडला, त्यात कुणीतरी "पानलोट कसा काडायचा" असं टाकलेलं, ण पण नाही आणि ढ पण नाही, आणि त्यानं आपल्याच पानावर क्लिक केलेलं. मी ती ओळ बायकोला दाखवली, तिला काय कळेना मी एवढा का खूश.

स्वाटचं पान अजून तसंच पडलंय, पहिल्या वाक्यावरच गाडी अडलीय. रविवारी दुपारी सेलूला येतो, दुकानात गर्दी नसंल तेव्हा. जांभळं आणू का?