मायक्रोस्कोप कपाटातून बाहेर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्या, आता सातवी-आठवीच्या पोरांच्या वहीत मायक्रोस्कोपची आकृती येईल, नेत्रिका म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, वस्तुभिंग म्हणजे वस्तूजवळचं, आरसा, सगळ्यांना बाण काढून नावं दिलेली, आणि त्यातल्या कितीतरी पोरांनी त्याचा स्क्रू एकदाही फिरवलेला नसेल. मी रत्नागिरी जिल्ह्यात जीवशास्त्र शिकवलंय, आता रिटायर आहे, पण ही गोष्ट मनातून जात नाही म्हणून लिहितेय.

बऱ्याच ठिकाणी काय होतं, सर किंवा बाई स्वतः फोकस करून ठेवतात आणि पोरं रांगेने येऊन एक डोळा लावून जातात. दिसलं का विचारलं की सगळे हो म्हणतात. प्रत्यक्षात कित्येकांना आपल्याच पापणीचे केस दिसलेले असतात, नाहीतर हवेचा बुडबुडा, काळ्या जाड कडेचा गोल, आणि तोच पेशी म्हणून वहीत उतरतो.

माझं म्हणणं एवढंच की फोकस पोरानेच करायचा. पहिल्या दिवशी पेशी नकोच. ह्याच पेपरातलं एक बारीक अक्षर कापा, ग घ्या, काचपट्टीवर ठेवून बघा. अक्षर उलटं दिसतं, वरचं खाली, डावं उजवीकडे, आणि पट्टी उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे पळतं, हे एकदा हाताला कळलं की पुढचं सगळं सोपं. सुरुवात नेहमी कमी पॉवरने, नेत्रिका १० ची आणि वस्तुभिंग १० चं म्हणजे १०० पट, पुष्कळ झालं. ४० चं लावलं की ४०० पट होतं खरं, पण दिसणारा भाग लहान होतो, उजेड कमी पडतो आणि भिंग काचेच्या इतकं जवळ येतं की स्क्रू जरा जास्त फिरला की स्लाइड तडकलीच. म्हणून आधी बाजूने बघत भिंग खाली आणायचं आणि मग डोळा लावून हळूहळू वर न्यायचं. आरशात थेट सूर्य मात्र पकडायचा नाही, डोळा जाईल, हे दटावूनच सांगा.

मग कांद्याचा पापुद्रा, आयोडीनचा थेंब टाकून, केंद्रक छान दिसतं. पण तिथेच थांबू नका हो, आपल्या कोकणात काय कमी आहे? जास्वंदीचे परागकण बघा, गोल आणि सगळीकडून काटेरी, पोरं अक्षरशः ओरडतात. घरी तांबोशी आणली तर एक खवलं धुऊन शाळेत न्या, त्यावरची वलयं बघा, अशाच वलयांवरून शास्त्रज्ञ काही माशांचं वय काढतात. खाडीच्या पाण्याचा एक थेंब घ्या, त्यात काय काय पळत असतं. सुंगटं म्हणजे कोळंबी खाणाऱ्या पोराला त्याच मोठ्या गटातले इवलेसे जीव तिथे पोहताना दिसले की वर्गीकरणाचा धडा पाठ करावा लागत नाही.

यंत्र बिघडेल म्हणून कुलूप लावतात, पण आपल्या दमट हवेत ते बंद कपाटातच जास्त बिघडतं, पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते आणि खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात. पेटीत ओल शोषून घेणारं सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की गरम करून परत वापरा, आणि भिंग पदराने किंवा रुमालाने पुसू नका, चरे पडतात. अगदीच यंत्र नसेल तर स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या टीमने केलेला कागदी फोल्डस्कोप आहे, सुमारे १४० पट मोठं दाखवतो आणि दप्तरात मावतो.

एक विनंती चाकरमान्यांना. गणपतीला गावी याल, शाळेला काही द्यायचं मनात असेल तर हेडसरांना आधी विचारा की मायक्रोस्कोप चालू आहे का. नवा घेणं जमत नसेल तर जुन्याची सर्व्हिसिंग करून द्या, स्लाइड आणि कव्हरस्लिपचे, म्हणजे स्लाइडवर झाकायच्या पातळ काचांचे, दोन-चार बॉक्स द्या, कारण कव्हरस्लिप पोरांच्या हातून फुटणारच आणि फुटल्या म्हणून कुणी ओरडता कामा नये.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. राजापूर