ती कुमुदिनी नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत कास पठारावरच्या लेखासोबत ‘कुमुदिनी तलावातील फूल’ म्हणून जे छायाचित्र छापलं आहे, ते कासच्या कुमुदिनीचं नाही. टोकदार पाकळ्यांचं, पाण्याच्या वीतभर वर आलेलं ते निळं फूल कोकणातल्या गावतळ्यांत, भंडारा-गोंदियाच्या तलावांत दिसतं. देखणं आहे, वाद नाही. पण तेच बघायला कुणी गाडी काढून साताऱ्याला आलं, तर हिरमुसून परत जाईल.

आणि लोक येतात. माझं माहेर-सासर दोन्ही साताऱ्यातच, त्यामुळे सप्टेंबर लागला की घरी पाहुणे आणि पाहुण्यांचे पाहुणे. पठारावरच्या ‘राजमार्ग’ नावाच्या कच्च्या वाटेने तंगडतोड करत तळ्याशी पोचायचं आणि विचारायचं, “कमळं कुठायत?” समोर अख्खं पाणी फुललेलं असतं, ते यांच्या गावीही नसतं! काही जण कास तलावालाच कुमुदिनी तलाव समजून तिथूनच माघारी फिरतात. तो वेगळा, त्याचं पाणी आम्ही सातारकर पितो.

कुमुदिनीचं फूल जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढं. पांढरं, मध्यभागी पिवळं. पाकळ्या बहुधा पाचच, पण त्यांवर पांढरी लव इतकी दाट की फूल पिंजल्यासारखं दिसतं. काठावरून ती लव नीट दिसत नाही; दुर्बीण न्यावी, चिखलात उतरू नये. खरी गंमत फुलाच्या खाली आहे. निळ्या फुलाचा देठ तळातल्या कंदापासून स्वतंत्र वर येतो. कुमुदिनीच्या फुलांचा झुबका मात्र तरंगत्या पानाच्या अगदी बुडाशी फुटतो, त्यामुळे फुलं पानाच्या खाचेतूनच वर आल्यासारखी वाटतात. हे एकदा पाहिलं की पुन्हा घोटाळा होत नाही. एक फूल एकच दिवसाचं आणि दुपार कलली की मिटायला लागतं, तेव्हा निवांत जेवून निघणाऱ्यांनी तक्रार करू नये.

कमळाशी तिचं नातंही नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला सूर्यफुलाच्या गणात बसवतात. म्हणजे पठार पिवळं करून टाकणारी सोनकी तिला जवळची.

छायाचित्राचं एक वेळ सोडा. लेखाच्या शेवटी ‘या तलावात रंगीत कमळं लावल्यास पर्यटन वाढेल’ अशी सूचना आहे, ती वाचून मात्र राहवलं नाही. जांभ्या कातळावरचं ते उथळ पाणी. त्यात मोठ्या पानांची झाडं सोडली तर बारक्या कुमुदिनीला ऊन कुठून मिळणार? पाण्यातली वनस्पती एकदा फोफावली की आवरत नाही. कुमुदिनीचीच एक बहीण, पाकळ्यांवर लवेऐवजी मधोमध उभी चुणी असलेली, आपल्याकडच्या डबक्यांत गुण्यागोविंदाने राहते. तीच अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोचली आणि आता तिथले लोक तिला तण म्हणून काढता काढता मेटाकुटीला आले आहेत. रंगीत कमळं हवीत त्यांनी अंगणात टाकी बांधावी.

चुकीची दुरुस्ती छापणार असाल तर एक विनंती. नव्या छायाचित्रात नुसतं फूल नको, पानही येऊ द्या, आणि शेजारी मापाला काहीतरी असू द्या.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा