चष्मा ठेवायचं ठरवलंय : अंजूला पत्र

पुणे

प्रिय अंजू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास, चष्मा घालवायला मी लेसर करणार का आणि मुक्ताने लग्नाआधी करावं का, आणि मी मंडईत असल्यामुळे एकीचंही धड उत्तर देता आलं नाही. आज दुपार मोकळी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर बोलले तर अर्धं राहून जाईल.

आधी उत्तरं. मी डोळ्यांचं लेसर ऑपरेशन करणार नाही. आणि मुक्ताने लग्नाआधी करू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. दोघींची कारणं वेगळी आहेत, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

तुला वाटेल ही घाबरली. तसं नाही गं. तू पंचविशीत केलंस, तुझा चष्मा गेला आणि तू किती खुललीस हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पावसाळ्यात सिंहगड चढताना तू पुढे आणि मी दर वळणावर ओढणीने काचा पुसत मागे. सकाळी उठल्यावर भिंतीवरचं घड्याळ नुसतं मान वळवून वाचता येणं, कुकरचं झाकण काढताना काचांवर वाफ न धरणं, पोहायला गेल्यावर काठावरचा माणूस कोण ते कळणं, या सगळ्याचं मोल मला तुझ्याइतकंच कळतं. दहावीपासून चष्मा आहे. म्हणूनच तर गेल्या महिन्यात सगळ्या तपासण्या करून घेतल्या.

तपासण्यांबद्दल सांगते, कारण मुक्तालाही त्यातूनच जावं लागेल. आधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवायला सांगितलं, कारण लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराचा, आकार थोडा बदलतो आणि मोजमाप चुकतं. मग एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसले. समोर एकात एक गोल वर्तुळं पेटतात, त्यांचं प्रतिबिंब बुबुळावर पडतं आणि त्यावरून पडद्यावर नकाशा उमटतो. सपाट भाग निळा, मधला हिरवा, जिथे उंचवटा जास्त तिथे पिवळा, लाल. माझा हिरवा-पिवळा निघाला, दोन्ही डोळ्यांचा सारखा. नंतर खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं. पट्टी किती ओली होते त्यावरून अश्रू मोजतात. दहा मिलिमीटरच्या वर असेल तर चांगलं. माझी सातवर थांबली. शेवटी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि मागचा पडदा तपासला. त्यानंतर दोन तास मी बाहेरच्या बाकावर डोळ्यांवर रुमाल धरून बसले होते, इतका उजेड टोचत होता.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी कागदावर पेनाने हिशेब मांडून दाखवला, तो मी जपून ठेवलाय. माझ्या कॉर्नियाची जाडी ५०५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सर्वसाधारण माणसाची ५४०च्या आसपास असते. लासिक या नेहमीच्या लेसर पद्धतीत कॉर्नियाचा वरचा पापुद्रा उचलतात, तो ११० मायक्रॉनचा. माझा उणे पाचचा नंबर आणि सव्वाचा सिलिंडर, म्हणजे तिरपा नंबर, काढायचा तर लेसरने आणखी सुमारे ८८ मायक्रॉन घालवावे लागतात. उरले ३०७. किमान २५० तर हवेतच, आणि बरेच डॉक्टर ३००च्या खाली जायला तयार नसतात. पापुद्रा परत बसवतात, पण त्याची पूर्वीची ताकद परत येत नाही, म्हणून तोही गेल्यात जमा धरायचा. एकूण जाडीच्या ४० टक्क्यांहून जास्त भागाला हात लागला तर पुढे कॉर्निया ढिला पडून फुगण्याचा धोका वाढतो. माझं ३९ टक्के आलं. ते म्हणाले, "होईल, पण काठावर आहात. पापुद्रा न उचलता वरच्या वर करायची पीआरके आहे. तिच्यात तीन-चार दिवस डोळे दुखतील, नजर स्थिरावायला काही आठवडे जातील, पण जाडी जास्त वाचेल." खर्च ८०,००० च्या आसपास. विम्यातून मिळत नाही, कारण साडेसातच्या आतल्या नंबरासाठी आरोग्य विमा हे ऑपरेशन धरतच नाही.

इथवर ऐकून मी होच म्हणणार होते बघ. पैसे साठवले होते. हे तंत्र कसं आलं तेही मी घरी येऊन वाचलं. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएममध्ये काम करत होते. १९८१च्या नोव्हेंबरात, तिकडच्या थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, ते जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस प्रयोगशाळेत घेऊन आले आणि त्यावर एक्सायमर लेसर चालवला. १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण. मांस कापलं गेलं, पण आजूबाजूला जळाल्याची खूण नाही. हा किरण भाजत नाही, रेणूंचे बंधच तोडतो आणि तेवढा थर उडून जातो. पुढे न्यूयॉर्कच्या स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांनी ते कॉर्नियावर करून पाहिलं आणि १९८३मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध झाला. श्रीनिवासन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना ओबामांच्या हातून राष्ट्रीय पदक मिळालं. आपल्याकडच्या एका माणसाच्या कुतूहलामुळे जगभरात इतक्या लोकांचे चष्मे उतरले, हे वाचून मला फार बरं वाटलं. या ऑपरेशनबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

मग अडलं कुठे?

माझं जुनी मोडी कागदपत्रं वाचायचं काम तुला माहीत आहे, पण ते मी कसं करते हे तू कधी जवळ बसून पाहिलेलं नाहीस. रुमालात बांधलेलं दप्तर सोडलं की मी पहिल्यांदा चष्मा काढते. कागद नाकापासून वीतभर अंतरावर धरते. उणे पाच नंबर म्हणजे बिनचष्म्याने माझी नजर वीस सेंटिमीटरवर आपोआप स्थिर असते, काही ताण न घेता. तिथे मोडीचं अक्षर मोठं दिसतं. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचा, शब्द तोडायचे नाहीत, हात उचलायचा नाही. त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला हे शाईवरून ओळखावं लागतं. बोरू नुकताच दौतीत बुडवलेला असला की रेघ जाड आणि काळी, मग हळूहळू तांबूस आणि बारीक होत जाते. वीतभरावरून मला ते दिसतं. कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरला की पुसलेल्या अक्षराच्या जागी बोरूचा ओरखडाही दिसतो.

२०२३पासून कुणबी नोंदींसाठी मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली ते तू पेपरात वाचलंच असशील. गाव नमुना १४, कोतवाल बुकं, जन्ममृत्यूच्या वह्या. लोक तालुक्याहून नकला घेऊन माझ्या दारात येतात. जातीच्या रकान्यात एक एवढासा 'कु' असतो, कधी त्यावरच वाळवीची वाट गेलेली. त्या अक्षरावर एखाद्या पोराचा दाखला अवलंबून असतो. तिथे "असावं बहुतेक" म्हणून चालत नाही. मला ते दिसलंच पाहिजे.

आता बघ, मी बेचाळीस वर्षांची. लेसरने नंबर शून्य झाला की लांबचं स्वच्छ दिसेल, पण डोळ्याच्या आतलं भिंग या वयात ताठर व्हायला लागलेलं असतं आणि लेसर त्याला काहीच करत नाही, तो फक्त बाहेरच्या कॉर्नियावर चालतो. म्हणजे मला लगेचच चाळिशी लागणार. रस्त्यावर बिनचष्म्याची फिरेन आणि दप्तर उघडलं की चष्मा शोधेन. आज मला देवाने जे फुकट दिलंय, ते पैसे मोजून काढून टाकायचं आणि मग बदल्यात जाड भिंग विकत घ्यायचं. भिंगाने काम होईल, पण एका वेळी चार अक्षरं दिसतात, ओळीचा ओघ तुटतो आणि मोडीत ओघ तुटला की अर्थ तुटतो. स्कॅन मोठा करून वाचता येतो, तोही मी वाचते. पण ओरखडा स्कॅनमध्ये येत नाही.

डॉक्टरांनी यावरही उपाय सुचवला : एक डोळा लांबसाठी पूर्ण करायचा, दुसऱ्यात दीड नंबर ठेवायचा जवळसाठी. आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून तसं करून बघायला सांगितलं, हे मात्र मला फार आवडलं. मी करून पाहिलं. दीड नंबराच्या डोळ्याची नजर साठ-सत्तर सेंटिमीटरवर स्थिरावते, कॉम्प्युटरला उत्तम. दप्तराला काही उपयोग नाही. आणि आपल्या वाड्याच्या जिन्यावरून उतरताना पायरी नेमकी किती खाली आहे याचा अंदाज येईना, कठड्याला धरून उतरले.

त्यात ती सात मिलिमीटरची पट्टी. लेसरने कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात आणि त्या पुन्हा वाढेपर्यंत सहा महिने, वर्षभर डोळे कोरडे राहू शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने रुग्णांनाच विचारून केलेला एक अभ्यास आहे, प्राउल नावाचा. त्यात ज्यांना आधी कोरडेपणा नव्हता अशांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी तो असल्याचं सांगितलं. दिव्याभोवती वलय दिसणं, चमक फुटणं असं काही ना काही, आधी असा त्रास नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोकांना नव्याने जाणवलं. तरीही ९५ टक्क्यांहून जास्त लोक समाधानी होते आणि त्रासामुळे रोजचं काम अडलं असे एक टक्काही नव्हते. हे मी तुला मुद्दाम दोन्ही बाजूंनी सांगतेय, कारण अर्धंच सांगून कुणाला घाबरवणं मला पटत नाही. तरुण, ओलसर डोळ्यांच्या माणसासाठी हे आकडे चांगलेच आहेत. दिवसभर जुन्या कागदांच्या धुळीत बसणाऱ्या, आधीच कोरड्या डोळ्यांच्या बाईसाठी तितके नाहीत.

आता मुक्ता. वहिनींना वाटतं लग्नाआधी चष्मा जावा. स्थळं बघताना तिला लेन्स लावून बसवलं होतं, ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं. मुलगा चांगला आहे, त्याने तिला चष्म्यासकट पसंत केलंय, मग घाई कुणाची? पण ते बाजूला ठेव. तिचा नंबर गेल्या वर्षात पाऊणने वाढला असं तूच म्हणालीस. नंबर निदान वर्षभर स्थिर असल्याशिवाय हात लावायचा नाही, हा पहिला नियम. बावीस म्हणजे अजून थांबण्याचं वय आहे. दुसरी काळजी मला जास्त वाटते. ती लहानपणापासून डोळे चोळते. ॲलर्जी आहे, मूठ करून खसाखसा चोळते. अशा मुलांमध्ये केराटोकोनस बघावाच लागतो. कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो, आणि सुरुवातीला फक्त नंबर वाढतोय असंच वाटतं. अशा डोळ्यावर लेसर केला तर उरलीसुरली ताकदही जाते. तो रंगीत नकाशा तिचा आत्ताच काढून घे, ऑपरेशन करायचं नसलं तरी. वेळेत सापडलं तर ते थांबवायचे उपचार आहेत. आणि चोळणं आधी बंद, त्यासाठी ॲलर्जीचे थेंब मिळतात.

शिवाय लग्न तीन आठवड्यांवर. ऑपरेशननंतर काही दिवस डोळ्यांना मेकअप नाही, चोळायचं नाही, धूर-धूळ नाही. आणि लग्नात होमासमोर तासभर बसायचं, हळद लागायची, काजळ घालायचं! पुढे दिवस राहिले तर गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर हलतो, तेव्हाही करत नाहीत. तिने दोन-तीन वर्षांनी, नंबर स्थिर असेल, नकाशा चांगला असेल आणि तिला स्वतःला हवं असेल तर खुशाल करावं. तेव्हा मी तिच्याबरोबर येईन.

तुलाही एक काम आहे. तुझ्या ऑपरेशनच्या आधीची फाइल कपाटातून शोधून काढ. तुझ्या कॉर्नियाचा मूळ आकार त्यात आहे, आणि पुढे कधी मोतीबिंदू झाला की आत कुठल्या नंबरचं भिंग बसवायचं हे ठरवायला त्याची मदत होते. काचबिंदूची तपासणी करशील तेव्हा लेसर झालंय हे आधी सांग. कॉर्निया पातळ झालेला असतो, त्यामुळे डोळ्यातला दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो. आणि चष्मा गेला तरी डोळा आतून लांबट तो लांबटच, पडद्याला धोका पूर्वीइतकाच. वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घे. दिवाळीत हॉटेलमध्ये तू मेन्यूकार्ड हातभर लांब धरून वाचत होतीस, ती चाळिशीच आहे बाई, लेसर बिघडलेला नाही. त्यासाठी पुन्हा ऑपरेशन वगैरे मनात आणू नकोस.

मी नवीन चष्मा करायला टाकलाय. पातळ काचा, पाणी न धरणारा लेप असलेल्या, पावसाळ्यासाठी. साठवलेल्या पैशांतून दप्तराच्या टेबलासाठी चांगला दिवा घेणार आहे.

मुक्ताच्या जुन्या नंबरांच्या चिठ्ठ्या असतील तेवढ्या गोळा करून तिला पुढच्या शनिवारी घेऊन ये, म्हणजे वाढ कशी होत गेली ते डॉक्टरांना दाखवता येईल. मी वेळ घेऊन ठेवते. वहिनी ऐकत नसतील तर मला फोन लावून दे, मी बोलते त्यांच्याशी.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
सुमा

ता. क. नाशिकहून येताना चिवडा आण, मागच्या वेळचा.